इस्त्रीनंतर पाणी नाही

दुपारी दोनच्या सुमाराला त्या गल्लीत लाइट यायची. "आली, आली!" असा ओरडा एका टोकाला सुरू व्हायचा आणि कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत पोचायचा. कुणी पंख्याखाली जाऊन बसायचं, कुणी टीव्ही लावायचं. लेओकादिया इस्त्री लावायची.

सान्तो दोमिंगो शहराच्या व्हिया कोन्सुएलो भागात इस्त्रीवाल्या बायका पुष्कळ होत्या, पण चाकाबाना द्यायचा तर लेओकादियाकडेच, असं जुनी माणसं म्हणत. चार खिशांचा, छातीवर बारीक चुण्यांचा, बाहेर सोडून घालायचा हा पांढरा सदरा. त्याच्या चुण्या एकीला एक चिकटता कामा नयेत आणि एकीपासून एक फटकूनही राहता कामा नयेत. लेओकादिया प्रत्येक चुणी बोटाने उचलायची, इस्त्रीचं टोक तिच्याखालून फिरवायची आणि बोट काढून घ्यायची. असं एका सदऱ्यात चाळीस वेळा. शनिवारी तिच्या दारातल्या तारेवर अकरा-बारा सदरे टांगलेले असत आणि वारा आला की ओळीने उभी असलेली ती बिनडोक्याची माणसं एकदम नाचायला लागत.

ही माणसं उद्या खरंच नाचणार आहेत हे तिला ठाऊक असे. रविवारी संध्याकाळी पाचला गल्लीपलीकडच्या क्लबाच्या अंगणात 'सोन' या जुन्या संथ नाचगाण्याचं वादन असायचं आणि पन्नाशी-साठी ओलांडलेले स्त्री-पुरुष तिथे सोन नाचत. घाई नाही, धसमुसळेपणा नाही. बाईचा हात पुरुषाच्या हातात, आणि सगळी गंमत त्या दोन हातांत. कुठे वळायचं, कुठे थांबायचं हे पायांना हातच सांगतात. एके काळी लेओकादिया तिथली चांगली नाचणारी होती. नवरा न्यूयॉर्कला गेला आणि तिकडचाच झाला, तेव्हासुद्धा तिने चार रविवारच बुडवले होते.

पण आता सहा वर्षं ती तिकडे फिरकली नव्हती. कारण तिचे हात.

सुरुवात तळव्यावरच्या खाजेने झाली. मग कातडी जाड झाली, पापुद्रे सुटू लागले, बोटांच्या पेरांवर भेगा पडल्या. कधी भरून यायच्या, कधी उघडायच्या. खळीचं पाणी लागलं की डोळ्यांतून पाणी काढायच्या. तरीही ती नाचायला जात होती. मग एका रविवारी दुसऱ्या मोहल्ल्यातून आलेल्या एका पाहुण्याने तिला नाचायला नेलं. गाणं अर्ध्यावर होतं तेव्हा त्याने तिचा हात सोडला, दोन पावलं नुसतीच नाचला, आणि आपला तळवा पँटवर पुसला. तो काही बोलला नाही. चेहऱ्यावरही काही दाखवलं नाही. गाणं संपल्यावर वाकून आभारसुद्धा मानले. लेओकादिया हसली, खुर्चीवरची पर्स उचलली आणि घरी आली. ते तळवा पुसणं तिने कुणाला सांगितलं नाही.

शेजारची फिओर्दालिसा तेवढी एकदा म्हणाली, "कोमाद्रे, सदरे नाचतात, तू का नाचत नाहीस?" फिओर्दालिसा लेओकादियाच्या मुलीची धर्ममाता, म्हणून दोघी एकमेकींना कोमाद्रे म्हणत.

"गुडघे दुखतात गं."

"गुडघे? काल कोंबडीच्या मागे पळालीस तेव्हा कुठे ठेवले होतेस?"

उपाय तिने पुष्कळ केले. कोरफड झाली, गंधकाचा साबण झाला, आंबट संत्र्याचा रस झाला, आणि त्या रसाने तर ती रात्रभर हात हवेत धरून बसली. फिओर्दालिसाच्या मावसबहिणीने कारल्याच्या वेलासारख्या एका वेलाचा पाला सांगितला. त्याने हात हिरवे झाले, बरे झाले नाहीत. शेवटी मुलीने फोनवर निक्षून सांगितलं आणि लेओकादिया सरकारी दवाखान्यात गेली.

डॉक्टरीणबाई तरुण होत्या. आडनाव बाएस. वयाने मोठ्या बायकांना मानाने 'दोन्या' म्हणायच्या. त्यांनी हात उलटेसुलटे करून पाहिले, भिंगातून पाहिले. "दोन्या लेओकादिया, हा इसब आहे. जुनाट आहे, पण दुसऱ्याला लागत नाही. कुणाचाही हात धरलात तरी त्याला काही होणार नाही. समजलं?"

"समजलं, डॉक्टर."

"मुळापासून जाईलच असं नाही, पण ताब्यात ठेवता येतो. आता नीट ऐका. रोज संध्याकाळी, सगळं काम आटोपल्यावर, कोमट पाण्यात पंधरा मिनिटं हात बुडवून बसायचं. मग नुसते टिपायचे, पुसायचे नाहीत. ओलसर असतानाच हे मलम लावायचं आणि सुती हातमोजे घालून झोपायचं. भांडी घासताना रबरी मोजे. बस्स."

"बरं, डॉक्टर. देव तुमचं भलं करो."

ती घरी आली. मलम लावलं. सुती हातमोजे घातले. रबरी मोजे आणले. सगळं केलं, फक्त इस्त्रीच्या दिवशी पाणी वगळलं.

पाणी कसं घेणार? इस्त्रीनंतर पाणी नाही, हे काही तिला कुणी शिकवायला नको होतं. तिची आई तोमासा बानी गावात उसाच्या मळ्याच्या मालकांकडे इस्त्री करायची, कोळशाच्या इस्त्रीने. एकदा मालकीणबाईने घाई केली म्हणून तिने तापल्या हातांनी तांदूळ धुतले. पुढे तिची बोटं वाकडी झाली, आल्याच्या गड्ड्यासारखी. शेवटच्या वर्षांत तिला कपही धरता येत नव्हता. लेओकादिया तिला कॉफी पाजायची. "तांदळाने घात केला," आई म्हणायची. "हात तापलेले असताना पाण्याला शिवू नको, पोरी. झोप काढ, उजाडू दे, मग शीव." चाळीस वर्षं लेओकादियाने हे पाळलं होतं. इस्त्री संपली की ती फ्रिजसुद्धा उघडत नसे. तहान लागली तर फिओर्दालिसाला हाक मारायची.

आणि लाइट यायची दोनला. म्हणजे इस्त्री संध्याकाळी सातपर्यंत. म्हणजे डॉक्टरीणबाईंची ती "काम आटोपल्यावरची संध्याकाळ" ही नेमकी तापल्या हातांची वेळ. 'शिकलेली पोर आहे, पण घरी कधी इस्त्री केलेली दिसत नाही,' असं लेओकादियाने मनाशी म्हटलं आणि तिला माफ करून टाकलं. दवाखान्यात जाऊन तिला हे सांगणं म्हणजे तिचा पाणउतारा. त्यापेक्षा गप्प बसलेलं बरं.

दर पंधरा दिवसांनी गुरुवारी ती हात दाखवायला जायची. "सांगितल्याप्रमाणे करता ना?" "करते, डॉक्टर." हात होते तसेच. डॉक्टरीणबाईंनी मलम बदललं. मग आणखी जोराचं दिलं. मग कपाळाला आठ्या घातल्या. तीन महिने झाले तेव्हा म्हणाल्या, "पुढच्या खेपेला फरक दिसला नाही, तर मोठ्या इस्पितळात पाठवते. पोटात घ्यायच्या गोळ्या आहेत, पण जहाल आहेत. दर महिन्याला रक्त तपासावं लागेल. आणि इस्त्री बहुतेक सोडावीच लागेल."

लेओकादिया त्या दिवशी घरी चालत आली. इस्त्री सोडली तर पोट कसं भरायचं हा विचार रस्त्यात एकदा येऊन गेला. पण खरं सांगायचं तर तो फार वेळ टिकला नाही. मुलगी होती, काहीतरी झालं असतं. तिला सारखी आठवण येत होती ती आबेलार्दोची.

आबेलार्दो पलीकडच्या गल्लीत रेडिओ आणि घड्याळं दुरुस्त करायचा. विधुर होता. बोलणं कमी, मान किंचित तिरकी, सतत कुठल्यातरी लहान स्क्रूचा विचार करत असल्यासारखा. त्याचा चाकाबाना तिने हजारांत ओळखला असता. खालच्या उजव्या खिशात नेहमी टाल्कम पावडर सांडलेली असायची. किती धुतलं तरी वास जायचा नाही. 'एवढा नीटनेटका माणूस, खिशात पावडर कशाला ठेवतो?' हे कोडं तिला सुटलं नव्हतं, आणि विचारण्याचा तिचा स्वभाव नव्हता. दर शनिवारी सदरा घ्यायला आला की तो तेच विचारायचा.

"उद्या येणार का, दोन्या लेओ?"

"बघू."

"बरं." मग सदरा दोन हातांवर, तान्ह्या मुलाला घ्यावं तसा घेऊन जायचा. सहा वर्षं. फिओर्दालिसा खिडकीतून म्हणायची, "हा माणूस लग्नाला 'बरं' म्हणेपर्यंत आपण दोघी मातीत गेलेल्या असू."

लेओकादियालाही वाटायचं, जावं. पण त्याचा हात तिच्या हातात येईल आणि मग तो, त्या पाहुण्यासारखा, हलकेच आपला तळवा पँटवर पुसेल. दुसऱ्या कुणी पुसलेलं तिने सोसलं होतं. याने पुसलेलं सोसलं नसतं.

पुढची खेप आली त्या गुरुवारी कॉर्पुस क्रिस्तीचा सण पडला. दवाखाना बंद. म्हणून लेओकादिया सोमवारी सकाळी गेली. डॉक्टरीणबाई यायच्या होत्या. मिरेलिस नावाची नर्स जुनं मलम काढून हात साफ करत होती. जाडजूड, हसरी, कानात मोठ्या रिंगा. तिने हात धरले आणि थांबली.

"हे काय, दोन्या? आज हात बरे दिसतात."

"सोमवारी असंच असतं."

"म्हणजे?"

"सोमवारी मऊ असतात. मंगळवारपासून परत बिघडतात."

मिरेलिसने स्टूल जवळ ओढलं. "रविवारी काय करता तुम्ही?"

"काही नाही. चर्चला जाते. स्वयंपाक. पडून राहते."

"इस्त्री?"

"रविवारी? देवाच्या दिवशी?" लेओकादिया दुखावल्यासारखी झाली.

"आणि पाण्यात हात बुडवणं?"

"रविवारी बुडवते ना. पंधरा मिनिटं. घड्याळ लावून."

"आणि बाकीचे सहा दिवस?"

लेओकादिया भिंतीवरच्या लसीकरणाच्या चित्राकडे बघू लागली. मिरेलिसने हात सोडले नाहीत. हळूच म्हणाली, "इस्त्री झाल्यावर पाणी नाही. हो ना?"

लेओकादियाने चमकून पाहिलं.

"माझी आई आसुआ गावात इस्त्री करायची," मिरेलिस म्हणाली. "मी एवढं नर्सिंग शिकले, बाई, भिंतीवर माझं प्रमाणपत्र लावलंय. पण आजही इस्त्री केली की बर्फ नवऱ्याला काढायला लावते. तो म्हणतो, तुला शिकवून उपयोग काय? मी म्हणते, शिकले म्हणूनच तुला हुकूम सोडता येतो."

लेओकादियाला हसू आलं आणि हसताहसता एकदम रडूही आलं. तीन महिने खोटं बोलल्याचं ओझं होतं ते. "डॉक्टरांना सांगू नकोस, पोरी. त्यांना वाईट वाटेल."

"सांगणार. पण आधी तुम्ही मला सांगा. कोरड्या कापडाला खळ लागते का?"

"छे! कापड ओलसर हवं. कोरड्यावर खळ नुसती वर बसते. पांढरे पापुद्रे धरतात."

"मग तुमच्या हातावर मलम तीन महिने कसं बसलं असेल?"

लेओकादिया आपल्या तळव्यांकडे बघू लागली. आयुष्यभर जे ती दुसऱ्यांच्या सदऱ्यांसाठी करत आली होती, ते आपल्या हातांना मात्र तिने केलं नव्हतं.

डॉक्टरीणबाई आल्या. मिरेलिसने त्यांना दोन वाक्यांत सांगितलं. लेओकादिया खाली मान घालून उभी, शाळेत छडी खायला उभं राहावं तशी. डॉक्टरीणबाई खुर्चीवर बसल्या, उठल्या, परत बसल्या.

"तुम्ही इस्त्री करता हे मला माहीत होतं," त्या म्हणाल्या. "किती वाजता करता, हे मी एकदाही विचारलं नाही." मग कागद ओढून घेतला. "सकाळी लाइट नसते ना तुमच्याकडे? म्हणजे इस्त्री नाही, हात थंड. पहाटे उठल्याबरोबर पाणी. सकाळी चालेल?"

"सकाळी चालेल, डॉक्टर. झोप होऊन उजाडलेलं असतं." आईने तेवढंच तर सांगितलं होतं.

दुसऱ्या दिवशी उजाडताच लेओकादियाने चुलीवर पाणी कोमट केलं, कोपराने पाहिलं, पांढऱ्या तसराळ्यात ओतलं आणि हात बुडवून दारात बसली. पंधरा मिनिटं म्हणजे किती मोठा काळ, हे काम करणाऱ्या बाईलाच कळतं. पहिले काही दिवस ती पाण्याखाली बोटांनी चुण्या उचलत बसायची. मग हळूहळू बोटं स्वस्थ बसायला शिकली. हात टिपायचे, मलम लावायचं, हातमोजे चढवायचे. दहा वाजेपर्यंत तसंच. मलमाचा डाग पांढऱ्या सदऱ्यावर पडला तर जन्माचा, म्हणून दुपारी कोरड्या फडक्याने बोटनबोट पुसून, स्वच्छ मोजे घालूनच ती इस्त्रीला हात लावायची.

फिओर्दालिसाला तर नवा खेळच मिळाला. सकाळी मांगूची ताटली घेऊन यायची आणि दारातच वाकून नमस्कार करायची. "महाराणी, केळ्यांचा लगदा आणलाय. मोजे काढणार की दासीने भरवावा?"

"दासी फार बोलते. कांदा कमी घातलाय का बघू आधी."

"कोमाद्रे, खरं सांग. त्या मिरेलिसला एवढं कसं कळलं?"

"तिची आई इस्त्रीवाली होती."

"मग डॉक्टर कशाला? सगळ्या दवाखान्यांत इस्त्रीवाल्यांच्या मुली बसवा."

एका आठवड्यात काही दिसलं नाही. दुसऱ्या आठवड्यात डाव्या अंगठ्याची भेग मिटली. तिसऱ्यात मुलगी दोन दिवस राहायला आली, गप्पांत पहाटेचं पाणी दोनदा चुकलं आणि भेग परत उघडली. लेओकादिया त्या भेगेकडे बघत मुलीला म्हणाली, "बघ, कशी हजेरी घेते." पुढे मात्र तिने एकही पहाट चुकवली नाही. दोन महिन्यांनी तळवे गुलाबी झाले. जाड कातडी गेली. पेरांवर बारीक पांढऱ्या रेषा राहिल्या, पुसलेल्या खडूसारख्या. गुरुवारी डॉक्टरीणबाईंनी भिंगातून पाहिलं आणि मग भिंग बाजूला ठेवून नुसतंच पाहिलं. "आता आठवड्यातून दोनदाच मलम. पाणी आणि साधं व्हॅसलीन रोज. सोडायचं नाही हं, दोन्या. सोडलं की परत येणार."

"माहीत आहे. सदराही रोज धुवावा लागतो, डॉक्टर. एकदा धुतला म्हणून कायमचा स्वच्छ होतो का?"

शनिवारी आबेलार्दो सदरा घ्यायला आला. लेओकादियाने मोजे काढून ठेवले होते. तिने सदरा तारेवरून उतरवला, खिशांवरून हात फिरवला. खालच्या उजव्या खिशात तोच वास.

"उद्या येणार का, दोन्या लेओ?"

"येणार."

आबेलार्दो "बरं" म्हणाला. मग आपण काय ऐकलं हे त्याच्या लक्षात आलं आणि सदऱ्याची एक बाही त्याच्या हातून निसटली. खिडकीतून फिओर्दालिसाचा आवाज आला, "सांभाळा हो! त्या चुण्यांवर बाईने घाम गाळलाय!"

रविवारी लेओकादियाने पहाटेचं पाणी घेतलं, चर्चला गेली, जेवली. सहा वर्षांपूर्वीचा निळा झगा कमरेत जरा घट्ट झाला होता. पाचला ती क्लबाच्या अंगणात पोचली तेव्हा बदामाच्या झाडाखाली वादकांनी नुकती सुरुवात केली होती आणि तिने इस्त्री केलेले सगळे सदरे आपापल्या माणसांसकट तिथे हजर होते. बायकांनी तिला मध्ये ओढलं, गालाला गाल लावले. कुणी गुडघ्यांची चौकशी केली. ती खुर्चीवर बसली आणि नकळत दोन्ही हात पर्सखाली ठेवले.

दुसरं गाणं झालं. तिसरं झालं. आबेलार्दो समोरच्या खांबापाशी उभा होता. मान तिरकी. चौथं सुरू झालं तेव्हा तो निघाला, तीन पावलं आला, थांबला, खालच्या उजव्या खिशात हात घातला. हात बाहेर आला तो पावडरीने पांढरा. त्याने दोन्ही तळवे एकमेकांवर चोळले, मग मागे वळून रुमालाला पुसले. लेओकादियाने हात पर्सखाली आणखी आत सरकवले. आत्ताच पुसतोय. धरायच्या आधीच.

तो समोर येऊन उभा राहिला. चेहरा लाल झालेला.

"दोन्या लेओ, आधी सांगून टाकतो," तो म्हणाला. "माझ्या तळव्यांना घाम येतो. लहानपणापासून. घड्याळांची कामं करताना पावडर लावतो, गंज चढू नये म्हणून. बायको गेल्यावर इथे एकीबरोबर नाचलो, तर तिने हात सोडून झग्याला पुसला. तेव्हापासून मी नुसता ऐकायला येतो. सहा वर्षं तुम्हाला येणार का विचारलं, पण नाचणार का हे विचारायचं धैर्य झालं नाही. तुम्हाला किळस आली तर..."

लेओकादियाने पर्स शेजारच्या खुर्चीवर ठेवली आणि दोन्ही हात पुढे केले, तळवे वर. पांढऱ्या बारीक रेषा दिवसाच्या उजेडात स्वच्छ दिसत होत्या. तिने त्या झाकल्या नाहीत.

"माझे बघा," ती म्हणाली. "हे परवापरवापर्यंत लाकडासारखे होते. गुडघे कधीच दुखत नव्हते."

त्याने बघितले. घड्याळाचं यंत्र बघावं तसे, अगदी जवळून, सावकाश. मग हात पुढे केला. पावडर असूनही तो ओला होता. खरंच ओला होता, ओंजळीत पाणी घेतल्यासारखा.

"पुसू का परत?"

"असू द्या," लेओकादिया उठत म्हणाली. "माझ्या डॉक्टरीणबाई म्हणतात, या हातांना ओल चांगली."

आणि आज रविवार होता. आज इस्त्री नव्हती, हात थंड होते. तिने त्याचा हात घट्ट धरला आणि त्याच्या हाताने पहिल्या वळणाला जरा घाबरत, जरा उशिरा जे सांगितलं, ते तिच्या पायांनी ऐकलं.